अठाईनंतरची गोळी

धुळे, १२ जून २०२४

प्रिय कौतिक,

जय जिनेंद्र.

उत्तराला उशीर झाला. फोन का केला नाहीस म्हणून रागावू नकोस. फोनवर तू नुसतं हां हां करतोस आणि तुझ्या मागे ट्रॅक्टर धडधडत असतो. शिवाय या घरात माझा फोन वाजला की सुनेपासून नातवापर्यंत सगळ्यांचे कान टवकारतात. पाकीट मात्र अजून माझ्याशिवाय कुणी फोडत नाही. धरणगावचं दुकान आवरून मुलाबरोबर, पारसबरोबर इथे आलो तेव्हापासून माझ्या मालकीचं असं एवढंच उरलंय.

सांगायची गोष्ट माझ्या नातीची, जिनलची. फेब्रुवारीत पारोळा रस्त्याला तिची स्कूटी घसरली होती, हँडल डाव्या कुशीत घुसलं होतं, हे तुला माहीत आहे. लघवीतून रक्त गेलं, दवाखान्यात राहावं लागलं आणि मग पोरगी उठून कॉलेजात जायला लागली. आम्ही म्हटलं, थोडक्यात निभावलं. महिनाभरापासून तिचं डोकं दुखायला लागलं. चष्मा लागला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि चष्म्याचं राहिलं बाजूला, आधी बीपी मोजा म्हणाले. वरचं एकशे नव्वद, खालचं एकशे वीस. वीस वर्षांच्या पोरीचं! मी डॉक्टरांना म्हटलं, साहेब, मशीन बदला. त्यांनी दुसरं आणलं, त्यावरही तेच.

मग सोनोग्राफी झाली, आणखी तपासण्या झाल्या. डाव्या मूत्रपिंडाला रक्त नेणारी जी मोठी नस असते, तिला त्या हँडलचा मार आतून लागला होता. वरून सगळं भरून आलं आणि नस आतल्या आत अरुंद होत गेली. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मला एवढंच कळलं की मूत्रपिंडाला रक्त कमी मिळतं, म्हणून ते सगळ्या अंगाचं बीपी चढवून ठेवतं. आता सकाळी दोन, संध्याकाळी एक अशा गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी फक्त आवर बसेल, दुखणं जाणार नाही, असं ते म्हणाले. नाशिकला नेऊन नसेचा फोटो काढायचा आणि फुग्याने ती आतून रुंद करायची. वेळेत केलं तर मूत्रपिंडही वाचेल आणि बहुतेक गोळ्याही सुटतील.

तू म्हणशील, मग अडलंय कुठे? पारस म्हणतो, बातमी बाहेर जाता कामा नये. पोरीसाठी स्थळं यायला लागलीत. आपल्या समाजात एकाला शिंक आली तर तीन जिल्ह्यांत रुमाल निघतात, हे तुला सांगायला नको. मीही काही बोललो नाही. बीपी हा आपल्या वयाचा ठेवा, आपण जिवंत असतानाच पोरीने त्यात वाटा घेतला याचं फार वाईट वाटतं.

तुझा,
सुगनचंद

ता. क. कौतिक आबा, दादाजी उगाच घाबरवतात. मला काही झालेलं नाही. गोळ्यांनी दिवसभर झोप येते एवढंच, अकाउंट्सच्या तासाला तशी आधीही यायचीच. तुमच्या शेतातल्या शेंगा खायला येणार आहे, आजीला सांगून ठेवा. जिनल.


धरणगाव, २० जून २०२४

प्रिय सुगन,

रामराम. पत्र वाचलं आणि आमच्या कारभारणीलाही वाचून दाखवलं. ताईबाई बियाण्याच्या शेंगा निवडत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "आपली पोर शे ती. बाकी बठ्ठं मांगून देखा, आधी तिले देखा."

तुझ्या डॉक्टरांचं चित्र तुला कळलं नसेल, मला कळलं. पाटाच्या शेपटाला ज्याचं शेत असतं त्याला पाणी पोचत नाही. त्याला वाटतं धरणातच पाणी नाही. मग तो ओरडून ओरडून वरचं दार उघडायला लावतो. पाणी वाढतं, वरच्या सगळ्यांची शेतं बुडतात आणि याच्याकडे तरी कोरडंच, कारण त्याच्या शेताला येणारी चारी मध्येच दबलेली आहे. जिनलचं ते डावं मूत्रपिंड म्हणजे शेपटाचा शेतकरी. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, चारी मोकळी करायला हवी.

म्हणून मीही सांगतो, बाकी सगळं नंतर, आधी नाशिकला जा. स्थळं काय, पोरगी धडधाकट असली की रांगेने येतील. मी स्वतः नऊ वर्षं बीपीची गोळी खातो. एकदा लग्नसराईत चार दिवस राहून गेली होती, तर मांडवातच भोवळ येऊन पडलो आणि व्याह्यांनी मला प्यायलेला समजून आमच्या पोराला, प्रेमराजला बाजूला घेऊन विचारलं. तू तर तीन महिने हसत होतास.

इकडे कापसाची लावण उरकली. पाऊस ठीक आहे. जिनलला म्हणावं, शेंगांना अजून वेळ आहे, पण आजीने तिच्या नावाचं डालगं बाजूला काढून ठेवलंय.

तुझा,
कौतिक


धुळे, २४ जुलै २०२४

प्रिय कौतिक,

जय जिनेंद्र. तुझी पाटाची गोष्ट मी पारसला सांगितली. तो म्हणाला, कौतिककाकांनी डॉक्टर व्हायला हवं होतं. मी म्हटलं, झाला असता तर पेशंटकडून फी म्हणून कडबा घेतला असता.

गोळ्यांनी बीपी एकशे चाळीसवर आलंय. नाशिकची तारीख वीस ऑगस्टची मिळाली होती, पण ती आम्ही पुढे ढकलली. कारण ऐक. इथल्या जैन स्थानकात यंदा साध्वी महासतीजींचा चातुर्मास आहे. चार महिने त्या इथेच राहतील, रोज प्रवचन. जिनल रोज जाते आणि तिने मनाशी ठरवलंय की पर्युषणात अठाई करायची. आठ दिवस अन्न नाही, दिवसा फक्त उकळलेलं पाणी, सूर्य मावळला की तेही नाही. आमच्या घराण्यात माझ्या आईनंतर कुणी अठाई केलेली नाही. पोरगी बोलली तेव्हा सूनबाई रडायलाच लागली. पारसने दुसऱ्या दिवशी पत्रिका छापायला टाकल्या.

महासतीजींनी विचारलं होतं, शरीर साथ देईल ना? सूनबाई हो म्हणाली. गोळ्यांचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. दवाखाना कुठे पळून जात नाही, पर्युषण वर्षातून एकदाच येतं. अठाईचं पारणं झालं की नाशिकला जाऊ.

तुझा,
सुगनचंद


धरणगाव, २ ऑगस्ट २०२४

प्रिय सुगन,

रामराम. अठाईचं ऐकून अभिमान वाटला. तुझ्या आईचं पारणं मला आठवतं. आम्ही पोरं पेढे मिळतील म्हणून दाराशी बसलो होतो आणि तिने पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला होता.

एकच विचारतो. त्या आठ दिवसांत गोळीचं काय? रिकाम्या पोटी गोळी चालते का, की बंद ठेवायची, हे त्या डॉक्टरांना विचारलंत ना? तुमच्यातल्या रीती मला ठाऊक नाहीत म्हणून विचारलं. विचारलं असेलच म्हणा.

पोळ्याला जमलं तर ये. बैलांची यंदा शेवटची जोडी आहे, प्रेमराज पुढच्या वर्षी विकायचं म्हणतो.

तुझा,
कौतिक


धुळे, १२ सप्टेंबर २०२४

प्रिय कौतिक,

जय जिनेंद्र. पोळ्याला आलो नाही, पण ऐकशील तर माफ करशील.

अठाई पार पडली! आठव्या दिवशी वरघोडा निघाला. उघड्या जीपमध्ये जिनल बसली होती, डोक्यावर केशरी ओढणी, पुढे बँड, मागे सगळा समाज. चेहरा उतरलेला, पण असा उजळ की नजर ठरत नव्हती. बायका तिच्या पाया पडत होत्या, सत्तर वर्षांच्या बायका! मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो आणि कौतिक, मला रडू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी मुगाच्या पाण्याने पारणं झालं. पहिला घोट माझ्या हातून घेतला.

आता खरी गोष्ट. पहिल्या दिवशीच गोळ्या बंद केल्या होत्या. उपवासात गोळी कशी घेणार? मनातून मी घाबरलो होतो, म्हणून पारसने मशीन आणून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मोजलं तर एकशे अठरा! वाटलं मशीन बिघडलं. सहाव्या दिवशी एकशे बारा, सातव्या दिवशी एकशे आठ. डोकेदुखी साफ गेली. ज्या दुखण्याला तीन गोळ्या रोज लागायच्या, ते पाण्यावर गेलं. सूनबाईने मशीन देवघरासमोर नेऊन ठेवलं. समाजातल्या जाणत्या माणसांनीही सांगितलं की तपात अशी ताकद असते, आपली श्रद्धा कमी पडते.

पारसने नाशिकला फोन करून कळवलं की आता गरज नाही. गोळ्या परत सुरू केलेल्या नाहीत. आणि मोजमापही बंद केलं, कारण सूनबाई म्हणते, एकदा देवाने दिलं की पुन्हा पुन्हा तपासून पाहू नये.

भुसावळच्या एका घरचे लोक वरघोड्याला आले होते. त्यांनी जिनलला पाहिलं. निरोप आलाय.

तुझा आनंदात असलेला,
सुगनचंद

ता. क. आबा, आठ दिवस पाण्यावर राहून मी तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. आता तुम्हीच अठाई करा आणि गोळी सोडा. पहिल्या दिवशी दुपारीच भाकरी मागाल, लागली पैज! जिनल.


धरणगाव, १७ सप्टेंबर २०२४

प्रिय सुगन,

रामराम. पत्र आलं त्या दिवशी बोंडअळीची फवारणी अर्धी टाकून घरी आलो आणि दोनदा वाचलं. पोरीचं कौतुक आहेच. तिच्या जागी आपण दोघं असतो तर तिसऱ्या दिवशी दुकानातला गूळ चोरला असता.

पण सुगन, मला झोप लागत नाही म्हणून लिहितो, रागावू नकोस. उपवासात बीपी उतरलं, ते उतरणारच. पाटाला पाणीच सोडलेलं नसेल तर चारी दबलेली आहे की मोकळी, हे कसं कळणार? आता पोरगी जेवायला लागली. अंगात मीठ गेलं, पाणी गेलं, म्हणजे पाट पुन्हा सुटला. आता मोजलं का? तू लिहितोस मोजमाप बंद केलं. नेमकं मोजायची वेळ आली तेव्हा बंद केलंत.

माझी गोळी जे डॉक्टर देतात त्यांना नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, आठ दिवस पोटात काही गेलं नाही तर कुणाचंही बीपी खाली येतं, त्याने नस रुंद होत नाही. पुन्हा जेवायला लागलं की ते आधीसारखं चढतं, आणि गोळी नसेल तर मेंदूतली नस फुटायची भीती असते. हे ते सरळ म्हणाले, मी तसंच लिहितोय.

तप खोटं आहे असं मी म्हणत नाही. पोरीने तप केलं, ते तिच्या पदरात पडलं. गोळी हा वेगळा विषय आहे. आज संध्याकाळी मोजा, आज गोळी चालू करा आणि नाशिकची तारीख परत मागा. एवढं माझं ऐक.

तुझा,
कौतिक


धुळे, २४ सप्टेंबर २०२४

श्री. कौतिकराव पाटील यांस,

आपलं पत्र मिळालं.

आमच्या घरात साठ वर्षांनी अठाई झाली, त्याचा हिशेब आता धरणगावच्या दवाखान्यात विचारून होणार हे वाचून धन्य वाटलं. आपण पाट, चारी, धरण यांतलं जाणता. तपाचं क्षेत्र वेगळं आहे. त्याला शेतीच्या फूटपट्टीने मोजू नये.

आपल्या घरी श्रावणात कानबाईमाता बसते तेव्हा मी दरवर्षी नारळ घेऊन येत आलो. आपण रोट खाता, रात्र जागवता, त्याने काय होतं असा प्रश्न मी कधी विचारला नाही. विचारावा असं मनातही आलं नाही. आपल्याकडून तेवढीच अपेक्षा होती.

पारसने आपलं पत्र वाचलं. त्याचंही म्हणणं हेच पडलं. सूनबाई तर म्हणाली की चांगलं झालेलं कुणाला बघवत नाही. तिचं मी ऐकून घेतलं नाही, पण तिला बोलायला जागा आपण दिलीत. भुसावळकडचं बोलणं चालू असताना घरात असे अपशकुनी शब्द नकोत.

जिनल बरी आहे. कॉलेजला जाते.

सुगनचंद


धरणगाव, ३० सप्टेंबर २०२४

प्रिय सुगन,

रामराम. तू मला "श्री." लिहिलंस. साठ वर्षांत पहिल्यांदा.

माझं चुकलं. तुमच्या धर्मातलं मला कळत नाही आणि न कळणाऱ्याने तोंड घालू नये. तुम्ही शिकले-सवरलेले आहात, पोरगी तुमची आहे, तिचं बरंवाईट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजतं. मी लिहिलं ते सगळं मागे घेतो. ते पत्र फाडून टाक. पारसला आणि सूनबाईंना माझ्या वतीने सांग की म्हाताऱ्याच्या मनात वाईट नव्हतं.

प्रेमराज धुळ्याला येणार आहे, त्याच्याबरोबर या हंगामाचे मूग पाठवतो. जिनलला शेंगा हव्या होत्या, पण चातुर्मासात तुमच्याकडे काय चालतं काय नाही, या घोळात तेही राहून गेलं. भुसावळचं जमलं तर मला बोलाव. राग धरू नकोस.

तुझाच,
कौतिक


धुळे, ९ नोव्हेंबर २०२४

कौतिक,

दिवाळीला पत्र नाही म्हणून प्रेमराजने फोन केला होता. पारसने त्याला कामात आहोत एवढंच सांगितलं. ते खोटं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिनल आरशासमोर केस विंचरत होती. भुसावळचे लोक जेवायला येणार होते. सूनबाई स्वयंपाकघरात, मी त्याच पुढच्या खोलीत पेपर वाचत. फणी पडल्याचा आवाज आला. ती वाकली नाही, म्हणून मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती आणि तोंडाची एक बाजू खाली ओढली गेली होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, शब्द आला नाही. मग ती उजव्या अंगावर कोसळली.

दवाखान्यात मोजलं तेव्हा वरचं दोनशे तीस होतं. मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. तिथून नाशिकला नेलं. किती दिवस ती डोळे मिटून होती ते मी मोजले नाहीत, मोजण्यावरचा माझा विश्वास उडालाय. आता डोळे उघडते. उजवा हात, उजवा पाय हलत नाही. बोलता येत नाही. माणसं ओळखते.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. गोळी कधी बंद केली, कुणी सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. उपवासात बीपी का उतरलं आणि जेवण सुरू झाल्यावर का चढलं हे त्यांनी समजावलं. तुझ्या पत्रात होतं तेच, फक्त पाट नव्हता. ते म्हणाले, उपवास करायचाच होता तर आम्हाला विचारायचं, आम्ही नाही म्हटलं असतं किंवा पुढच्या वर्षी करा म्हटलं असतं. महासतीजींनाही नंतर कळलं. त्यांनी सूनबाईला बोलावून विचारलं, आजारपण आहे हे मला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी अठाई होऊ दिली नसती.

आता तुझ्यावर येतो. मी रागाने पत्र लिहिलं, ते मला माहीत आहे. रागीट माणूस रागावणारच, हे तुला शाळेपासून माहीत आहे. पण तू माफी का मागितलीस? बरोबर होतास तर माघार का घेतलीस? तुझं ते माफीचं पत्र मी पारसला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, कौतिकलाही पटलं. गोळी चालू करावी की काय असं मनात घोळत होतं, ते त्या दिवशी संपलं. तू पुढच्या एसटीने येऊन माझ्या दारात उभं राहून शिव्या द्यायच्या होत्यास. सूनबाईने दार लावलं असतं तर ते वाजवायचं होतंस. मोंढ्यात एका मापासाठी तू भल्या भल्या व्यापाऱ्यांशी भांडलास. माझ्या नातीसाठी तुला भांडता आलं नाही?

मी अन्यायाने लिहितोय हे मला कळतं. तरी पाठवतो.

सुगनचंद


धरणगाव, १४ नोव्हेंबर २०२४

सुगन,

वाचलं. अन्याय नाही.

मागे घेतल्याचं पत्र मी पेटीत टाकून घरी आलो तेव्हाच ताईबाईने विचारलं होतं, "पोरना जीव मोठा का तुमना मान मोठा?" मी तिला म्हटलं, दुसऱ्याच्या देवाधर्मात ढवळाढवळ करू नये, आपल्याला तसं शिकवलेलं नाही. मला वाटलं मी सभ्यपणाने वागतोय. तुझी मैत्री राहावी म्हणून मी गप्प बसलो, आणि मैत्री करायची वेळ तीच होती.

उद्या पहिल्या गाडीने निघतो. ताईबाईही येते म्हणते. दार लावलंत तरी आम्ही पायरीवर बसू.

कौतिक


धुळे, ६ मार्च २०२५

प्रिय कौतिक,

जय जिनेंद्र.

तुम्ही दोघं येऊन राहून गेलात, त्यानंतर हे पहिलं पत्र. ताईबाईंनी सूनबाईला काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून ती वेळेवर जेवते.

जिनल जरा सावरल्यावर, जानेवारीत, नाशिकला नसेचा फोटो काढला. फुगा घालायला वाटच राहिली नव्हती. नस पुरती बंद झालेली, डावं मूत्रपिंड सुकून मुठीपेक्षा लहान झालेलं. ते रक्त गाळायचं काम करत नव्हतं, पण बीपी चढवायचं काम मात्र करतच होतं. शेवटी ऑपरेशन करून ते काढून टाकलं. मी डॉक्टरांना विचारलं, ऑगस्टमधल्या तारखेला आणली असती तर? त्यांनी आधी उत्तर टाळलं. मी पुन्हा विचारलं. म्हणाले, बहुतेक नस उघडली असती.

आता तिचं बीपी एकशे सोळा, खालचं चौऱ्याहत्तर. एकही गोळी नाही. जेवण सगळं चालतं, मीठसुद्धा. उजवं मूत्रपिंड चांगलं आहे, त्याच्यावर माणूस सगळं आयुष्य काढतो. नसेचं दुखणं बरं झालं, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. आमच्या घरात आता मशीन लावलं तर सगळ्यात निरोगी तीच. सूनबाई रोज संध्याकाळी मोजते. परवा आकडा बघून तिने मशीन मांडीवर धरलं आणि ते खाली ठेवेचना. काय म्हणणार तिला? आम्हाला जे हवं होतं ते सगळं या आकड्यात आहे.

समाजातल्या बायका येतात. म्हणतात, तप केलं होतं म्हणून जीव तरी वाचला. आधी पारस ऐकून घ्यायचा. गेल्या आठवड्यात तो त्यांना म्हणाला, माझ्या मुलीने तप केलं आणि मी गोळी बंद केली, या दोन गोष्टी एकत्र करू नका. बायका चहा न घेता गेल्या. भुसावळचा निरोप पुन्हा आला नाही, आम्हीही विचारलं नाही.

रोज एक बाई व्यायाम करून घ्यायला येते. जिनल आता धरून चार पावलं टाकते. हात अजून नाही. बोलणं शिकवायला दुसरी एक बाई येते. तिने सांगितलंय की जो शब्द आधी येईल तोच काही दिवस सगळ्याला येत राहील, घाबरू नका. जिनलला एकच शब्द आलाय. हो. भूक लागली का विचारलं तर हो म्हणते. जेवण झालं का, हो. ऊन लागतंय का, हो. झोपायचंय का, हो. तिला कळतं की शब्द चुकला, मग डोळ्यांत पाणी येतं. जी पोरगी तुझ्याशी पैजा लावायची तिच्याजवळ आता नाही म्हणायलासुद्धा शब्द नाही.

काल दुपारी घरात दोघंच होतो. मी तिच्या खुर्चीजवळ बसलो आणि विचारलं, बेटा, दादाजींनी तुझी गोळी बंद होऊ दिली, तुला माझा राग येतो का? ती माझ्याकडे बघत म्हणाली, हो.

मग मी तिचा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, मला माफ करशील? ती तशीच बघत म्हणाली, हो.

कौतिक, आता तू भीडभाड न ठेवता सांग. यातला कुठला हो मी खरा धरू?

तुझा,
सुगनचंद